शेजारणीला दाखवलेली पाटी

नयना गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारावीची प्रॅक्टिकल घेत होते. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. एका मुलीच्या गॅल्व्हानोमीटरचा काटा जागचा हलत नव्हता आणि मी तिला सांगत होते की आधी तारा बघ, मग यंत्राला नावं ठेव. फोन नयनाच्या मुलीचा, केतकीचा होता. ती एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली. आत्ता, तासाभरापूर्वी." मी "बरं" म्हटलं. खरंच, "बरं" म्हटलं, दूधवाला येऊन गेला असं कोणी सांगितल्यावर म्हणावं तसं. मग आत आले, त्या मुलीची सैल तार घट्ट केली, काटा हलला, आणि माझ्या मनात एक वाक्य आलं. ते इथे लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं ठरेल, म्हणून लिहिते. ते वाक्य होतं : इथेही पहिला नंबर हिचाच.

याला आता सात आठवडे झाले. मधल्या काळात तिच्या संस्थेत शोकसभा झाली. तिथे मला पहिल्या रांगेत बसवलं आणि तिच्या विभागप्रमुखांनी माझी ओळख करून दिली ती अशी : "नयनाताईंची जिवाभावाची मैत्रीण. यांच्या नजरेतून त्यांची एकही चूक सुटली नाही. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कामामागे या बाईंची नजर आहे." लोक माझ्याकडे वळून बघत होते. दोन विद्यार्थिनी तर नंतर पाया पडल्या. मी कसनुसं हसून घेतलं. ज्या गोष्टीसाठी माझं कौतुक झालं ती मी केलेली नाही. जे केलं ते बरोबर उलटं होतं. ते नयनाला तोंडावर सांगायचं राहून गेलं... राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं. म्हणून इथे सांगते आहे.

आमची ओळख एम.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यातली. मी बोरीवलीची. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. नयना मढच्या कोळीवाड्यातली. वडिलांची होडी, आई हिराबाई मालाडच्या बाजारात मासे विकायची. वर्गातल्या बाकीच्या मुलींच्या घरी इंग्रजी पेपर येत होते, आमच्या घरी नव्हते, म्हणून आम्ही एकमेकींना चिकटलो. पहिल्या सहामाहीत तिचा पहिला नंबर आला, माझा दुसरा. बाबांना सांगितलं. त्यांनी देवासमोर साखर ठेवली, नमस्कार केला आणि वळून विचारलं, "आणि पयलो कोण इलो गो?" पुढच्या तिन्ही सहामाहींना हाच प्रश्न आणि माझं हेच उत्तर. एकदा नयना आमच्या घरी जेवायला आली, बाबांशी होड्यांबद्दल तासभर बोलली. ती गेल्यावर बाबा म्हणाले, "चेडू हुशार आसा." आमच्याकडे स्वतःच्या मुलीला तोंडावर चांगलं म्हणायची पद्धत नव्हती, हे मला कळत होतं. तरी ते वाक्य मला जे झोंबलं ते आजतागायत उतरलेलं नाही.

आमच्या सरांनी दोघींना मिळून एक प्रकल्प दिला होता. पृथ्वीचं वरचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, त्यांना प्लेट म्हणतात, हे आता शाळेतही शिकवतात. समुद्राच्या तळाची प्लेट जड असते, ती दुसऱ्या प्लेटखाली बुडत जाते आणि तिच्या मागे जोडलेला खंड ओढत नेते. पण खंड हलका. तो समोरच्या खंडावर आपटतो आणि बुडायला नकार देतो. आपला हिंदुस्थान आशियावर आपटला तो असाच. मग खालून जड प्लेट खेचते, वरून हलका खंड अडून बसतो, आणि मधला भाग ताणत ताणत बारीक होऊन एक दिवस तुटतो. कुठे तुटतो, कधी तुटतो, हे संगणकावर उभं करून बघायचं, हा आमचा प्रकल्प. हिराबाईंनी एकदा कोळंबी सोलता सोलता विचारलं, "तुमी दोघी दिवसभर करता तरी काय?" नयना म्हणाली, "आय, समज होडी हाय. नांगर टाकलाय. नांगर जड, खाली खेचतोय. होडी बुडायला तयार नाय. मग काय व्हईल?"

"दोरी तुटंल."

"कुठं तुटंल, ते आमी शोधतो."

"झिजली असंल तिथं तुटंल," हिराबाई म्हणाल्या. "त्याला कॉम्प्युटर कशाला?"

तेव्हा विभागात धड चालणारा संगणक एकच होता. पृथ्वीचा उभा छेद कल्पून त्याचे चाळीस गुणिले चाळीस चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात किती उष्णता, किती जोर, किती मऊपणा, याचं गणित यंत्राकडून करून घ्यायचं. थंड प्लेट खाली जाताना किती तापते आणि तापल्यावर किती मऊ होते, हा भाग मी लिहिला. कोण कोणाला किती खेचतं, हा भाग तिने. दीड दिवस यंत्र चाललं आणि पडद्यावर आमची प्लेट वाकली, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी लोंबली आणि खालचा तुकडा गळून पडला. आम्ही कँटीनमध्ये जाऊन दोन दोन वडे खाल्ले. नयना म्हणाली, "संध्ये, तुझी उष्णता नसती ना, तर माझी प्लेट दगडासारखी सरळ खाली गेली असती." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

पुढे परदेशातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ची एक जागा होती. दोघींनी अर्ज केला. पुढचं सांगायला नको. ती गेली, मी बोरीवलीतच कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागले आणि आजही शिकवते. लोकांना सांगताना मी बाबांच्या आजारपणाचं कारण द्यायचे. बाबा आजारी पडले ते त्यानंतर दोन वर्षांनी.

सात वर्षांनी नयना परत आली, इथल्या एका संस्थेत लागली, अंधेरीला घर घेतलं, आणि पहिल्याच रविवारी मला फोन केला, "ये ना यार. काहीतरी दाखवायचंय." दाखवायचं होतं ते एक लांबट, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, रेशन दुकानात असायचं तसलं. आता तिच्याकडे मोठी यंत्रं होती, कोट्यवधी वर्षांची घडामोड ती दहा-बारा दिवसांत पडद्यावर उभी करायची. पण प्रत्येक वेळी यंत्राला कामाला लावलं, म्हणजे तिच्या भाषेत एक 'रन' केला, की त्याची नोंद हाताने या रजिस्टरमध्ये. नंबर, तारीख, या वेळी काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम. आणि उजवीकडे एक अरुंद रकाना, वर लिहिलेलं : 'पाहिलं.' त्यात तिने स्वतः खूण करायची नाही. दुसऱ्या कोणीतरी सगळे आकडे, सगळी चित्रं बघून पेन्सिलीने टिक करायची, मगच तो रन खरा. "तू बघ," ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या संस्थेत एवढी शिकलेली माणसं पडली आहेत. ती म्हणाली, "तू बघ गं." मला वाटलं, गरिबाला दान चाललंय. तरी बसले. त्या दिवसापासून एक रविवार आड मी बोरीवलीहून अंधेरीला जायचे, तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसायचे, पेन्सिल चावायचे आणि तिच्या चुका शोधायचे. सापडायच्या. सापडल्या की मला जे सुख व्हायचं त्याची सर सुरमईच्या तुकडीलाही नव्हती.

एका रविवारी हिराबाई लेकीकडे आल्या होत्या. मला टेबलावर वाकलेली बघून त्यांनी त्यांच्या बाजारातली एक गोष्ट सांगितली. पहाटेचा माल घेऊन बाजारात बसल्या की गिऱ्हाईक यायच्या आधी त्या आपली माशांची पाटी शेजारच्या द्रौपदीला दाखवायच्या. द्रौपदी आणि त्यांचं वीस वर्षं धड बोलणं नव्हतं. एकीचं गिऱ्हाईक दुसरीने पळवल्यावरून चांगली झिंज्या धरून भांडणं झालेली. तरी रोज पाटी दाखवायची ती तिलाच. द्रौपदी न बोलता दोन बोटांनी एखादा पापलेट बाजूला करायची, आणि तो बाजूला म्हणजे बाजूला, विकायचा नाही. सख्खी बहीणही त्याच रांगेत बसायची, तिला का दाखवत नाही असं मी विचारलं. हिराबाई म्हणाल्या, "बहीन काय, चांगलाच हाय बोलंल. शेजारनीचे डोले दिवसभर आपल्या पाटीवरच असतात. ती नाय सोडायची." नयना हसली, मीही हसले. मासळी बाजारातली गंमत म्हणून मी ती गोष्ट दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली, द्रौपदीच्या दोन बोटांसकट.

उलट बाजूनेही थोडं चालायचं. मी तेव्हा पुरवण्यांमधून विज्ञानावर छोटे लेख लिहायला लागले होते. ते पाठवायच्या आधी नयना मागून घ्यायची आणि लाल पेनाने इतक्या ठिकाणी गोल करायची की कागदाला गोवर आल्यासारखं वाटायचं. "हे वाक्य खोटं आहे. हे गोड आहे म्हणून ठेवलंयस. हे तुला स्वतःलाच कळलेलं नाही." एकदा मी चिडून म्हटलं, तूच लिही मग. तर म्हणाली, "मला येत असतं तर तुला विचारलं असतं का? माझ्या लेक्चरला पोरं झोपतात. तुझ्या वर्गातली पोरं अजून रस्त्यात थांबून तुझ्याशी बोलतात." मला ते तोंडदेखलं वाटलं. ज्याचं सगळं चांगलं चाललेलं असतं त्याला असलं बोलायला काय जातं, असा माझा हिशोब.

आता त्या रविवारावर येते. त्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात नयनावर अर्धं पान आलं होतं. मढची मुलगी, आई मासे विकायची, आणि ही पृथ्वीच्या पोटातलं शोधते, वगैरे. त्यात एक वाक्य होतं : 'एम.एस्सी.ला असतानाच तिने एकटीने आपलं पहिलं मॉडेल तयार केलं.' एकटीने. मी तो शब्द किती वेळा वाचला असेल सांगता येत नाही. वार्ताहराने घातला असेल, नयनाला वाचायला वेळही झाला नसेल, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण पोटात दुखायला लागलं की डोक्याचं कोण ऐकतं? मी ते पान कापून कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि रविवारी अंधेरीला गेले, अभिनंदन केलं, पेढे नेले होते तेही दिले.

नयना त्या दिवशी हवेत होती. म्हणाली, "संध्ये, सापडलं. प्लेटचा वेग बदल, वय बदल, काहीही बदल, ती एकाच खोलीवर तुटते. दर वेळी तिथेच. म्हणजे हा नियम आहे यार." आणि माझ्यासमोर अकरा रन टाकून ती बोंबील तळायला आत गेली. मी बघायला लागले. सुंदर चित्रं होती. निळी थंड प्लेट, ती बारीक होत गेलेली कंबर, तुटून खाली निघालेला तुकडा. अकराच्या अकरा एकाच खोलीवर. मग मी सवयीप्रमाणे चौकोनांची जाळी बघितली. वेळ वाचवायला सगळेच करतात तसं तिने केलं होतं : वर, जिथे बारकावे हवेत तिथे लहान चौकोन, आणि एका खोलीच्या खाली एकदम मोठे. प्लेट तुटत होती ती बरोबर त्या सांध्यावर. सोसायटीत जुन्या भिंतीला नवी खोली जोडली की पावसाळ्यानंतर तडा जातो तो जोडावरच, तसं. पृथ्वीचा नियम वगैरे काही नव्हतं. तिच्या जाळीचा जोड होता तो. ही चूक पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही आणि अनुभवी माणूस मात्र घाईत हमखास करतो.

हे मला दिसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आतून तेलाचा चर्र आवाज येत होता आणि नयना काहीतरी गुणगुणत होती. मी पेन्सिल खाली ठेवली. ती बाहेर आली, हात पुसत म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "सुंदर आहे." बोंबील खाल्ले. दोन जास्तच खाल्ले. निघताना रजिस्टर मिटून ठेवलं. शेवटच्या रकान्यात मी एकही टिक केली नव्हती, पण तोंडाने एक अक्षर बोलले नव्हते. घरी येताना मी स्वतःला समजावत होते की मी काही खोटं बोललेली नाही. चित्रं सुंदरच होती.

त्यानंतरचे दिवस मी वाट बघत होते. हे लिहायला लाज वाटते, पण वाट बघत होते. माझं 'सुंदर आहे' पुरेसं धरून ती शोधनिबंध पाठवेल, तो छापून येईल, आणि जगात कुठेतरी कोणीतरी माझ्यासारखं जाळी बघेल. मग अर्ध्या पानाच्या जागी कोपऱ्यात चार ओळी. मी रविवारी जायचं टाळायला लागले. परीक्षा आहेत, तपासणी आहे, पाहुणे आहेत. चार महिने गेले. मग एका दुपारी तिचा फोन. "संध्ये, वाचवलंस यार." ती सांगत होती, "तू एकावरही टिक केली नाहीस ना, मी म्हटलं काहीतरी आहे. सगळं परत खोललं. खालीवर सगळीकडे लहान चौकोन केले, अकराचे अकरा रन परत लावले. नियमाची पार वाट लागली. पण खरी गोष्ट आता दिसतेय. म्हातारी, थंड प्लेट चिवट असते, उशिरा आणि खोलवर तुटते. तरुण, गरम प्लेट लवकर, वरच. हे आधीच्यापेक्षा झकास आहे." मी काय म्हणाले असेन? "अगं, त्यात काय," असं म्हणाले. त्या एका निबंधाने तिचं नाव झालं. निबंधाच्या शेवटी आभारात माझं नाव होतं, पूर्ण नाव, 'जिच्या नजरेमुळे हे काम खोटं ठरण्यापासून वाचलं' असं. मी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि साड्यांखाली त्या कात्रणाशेजारीच ठेवली. दोन्ही अजून तिथेच आहेत.

मी पुन्हा रविवारी जायला लागले. आता आणखी बारकाईने बघायचे, दिसेल ते तिथल्या तिथे सांगायचे. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. पण हेवा काही कमी झाला नाही, उलट त्याला आता भीतीचं कुंपण आलं. तिला कळलं तर? कितीदा ठरवलं की आज सांगायचं. तिने बोंबील पुढे केले की माझं ठरवलेलं घशाखाली जायचं.

गेल्या वर्षी तिला पोटाचा कर्करोग निघाला. अंधेरीचं घर मुलीवर सोपवून ती मढला, आईच्या घरी राहायला गेली. हिराबाई आता नाहीत, त्यांची पाटी माळ्यावर पालथी पडून असते. मी मालाडहून बस धरून जायचे. कधी वेळ असला की वर्सोव्याहून बोटीने खाडी ओलांडायचे, तेवढीच दहा मिनिटं मनाची तयारी करायला मिळायची. शेवटची भेट जाण्याच्या नऊ दिवस आधीची. बाहेर दोरीवर कोणाचे तरी बोंबील वाळत होते. ती खिडकीशी टेकून बसली होती, हातापायांच्या काड्या झालेल्या, मांडीवर लॅपटॉप. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "नयना, ते अकरा रन आठवतात तुला?"

"आठवतात ना."

"त्या दिवशी मी..."

"संध्ये," ती म्हणाली, "म्हातारी प्लेट चिवट असते म्हणालो होतो आपण. मी तरुणच निघाले बघ." आणि हसली. हसताना तिला दुखलं. मी तिच्या पाठीमागची उशी सरळ केली. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिचा शेवटचा रन अजून चालू होता, यंत्र तिच्या संस्थेत, पडदा तिच्या मांडीवर. "हा संपला की बघशील?" मी हो म्हटलं. निघताना तिने माझ्या लेखांचं विचारलं, काही नवीन लिहिलंस का. मी नाही म्हटलं. "आळशी आहेस," ती म्हणाली. तेच शेवटचं बोलणं.

शोकसभेनंतरच्या रविवारी केतकी माझ्याकडे बोरीवलीला आली. हातात ते रजिस्टर. कितवं कोण जाणे, पण तसंच लांबट, तसाच पुठ्ठा. म्हणाली, "मावशी, शेवटचा रन पूर्ण झालाय. आईचे विद्यार्थी आता तो पाठवतील. पण आईने सांगून ठेवलंय, संध्याच्या टिकशिवाय काही बाहेर जाणार नाही." तिने रजिस्टर माझ्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्या जिभेवरचं कुलूप का कोण जाणे त्याच क्षणी निघालं. मी तिला सगळं सांगितलं. अर्धं पान, 'एकटीने' हा शब्द, जाळीचा जोड, बोंबील, चार महिने. "मी तुझ्या आईला वाचवलं नव्हतं. मला दिसलं होतं आणि मी मुद्दाम गप्प बसले." ती पोर रडेल, उठून जाईल, काय वाटेल ते बोलेल, असं मी धरून चालले होते. तिने चहाचा कप बशीत ठेवला.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"मी कॉलेजमध्ये असताना एकदा विचारलं होतं तिला. तुझ्याकडे एवढे पीएच.डी.वाले आहेत, तू सगळं संध्यामावशीलाच का दाखवतेस? तर म्हणाली, ते सगळे माझे लाडके आहेत, मी त्यांची लाडकी आहे. ते म्हणणार, चांगलंच आहे. संध्या जळते माझ्यावर. तिला चूक दिसल्याशिवाय राहत नाही. आजीची जशी द्रौपदी, तशी ती माझी." केतकी पुढे म्हणाली, "मी म्हटलं, आणि दिसूनही सांगितलं नाही तर? तर आई म्हणाली, एकदा नाही सांगितलं. पण टिकही केली नाही. खोटी टिक तिच्या हातून होणार नाही, कितीही जळली तरी."

मला काय वाटलं ते सांगते. आधी राग आला. सणसणीत राग. वीसेक वर्षं मी समजत होते की मी हिच्यापासून काहीतरी लपवते आहे, आणि ही माझं लपवलेलंच वापरत होती, पीठ चाळायला चाळणी वापरावी तसं. मी तिची बहीण कधीच नव्हते, बाजारातली शेजारीण होते, आणि ही गोष्ट मीच स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितली होती. मला वाईट वाटलं ते यामुळे की हेही तिने माझ्या आधी ओळखलं. माझं मन ओळखण्यातही पहिला नंबर तिचाच. मग केतकीने पर्समधून एक प्लॅस्टिकची फाइल काढली. त्यात माझे छापून आलेले लेख होते, सगळे, तारीखवार. छापलेल्या लेखांवरही लाल गोल होते. "हे ती छापून आल्यावर परत वाचायची," केतकी म्हणाली. "पाठवताना सुटलेली एखादी चूक सापडली की दिवसभर खूश असायची. मला म्हणायची, एवढं सोपं करून लिहिता येतं या बाईला, निदान एक तरी चूक असू दे." ... म्हणजे तीही. एवढी वर्षं माझ्या पाटीवर दोन डोळे होते आणि मला पत्ता नव्हता.

केतकी गेल्यावर मी शेवटचा रन बघायला घेतला. दुपारी बसले ती दिवेलागणीपर्यंत. या वेळी प्लेट सगळीकडून एकदम तुटत नाही. एका टोकाला फाटायला लागते आणि ती फाट हळूहळू सरकत दुसऱ्या टोकाला जाते, जुनं लुगडं फाटावं तशी. आणि खाली फाट जसजशी पुढे जाते, तसतशी तिच्या वरची जमीन ओझं सुटल्यामुळे उचलली जाते. पाठोपाठ, एका ओळीत. मी जाळी बघितली, सांधे बघितले, आकडे दोनदा लावून बघितले. चूक शोधली. जीव तोडून शोधली. एक जरी सापडली असती तरी मला बरं वाटलं असतं. नाही सापडली. आणि मला पुन्हा हेवा वाटला, मेलेल्या बाईचा, बाबांच्या त्या प्रश्नाच्या वेळी वाटायचा तितकाच. मग मी पेन्सिल घेतली आणि शेवटच्या रकान्यात टिक केली.

नयनाची एक सवय होती, एक रन लावला की पुढच्या रनचा नंबर ती आधीच घालून ठेवायची. त्या टिकच्या खालच्या ओळीत तिच्या अक्षरात नुसता एक नंबर आहे आणि पुढचे सगळे रकाने कोरे. रजिस्टर अजून माझ्याच टेबलावर आहे. केतकी म्हणाली, ठेवा तुम्हीच. हा लेख मी त्याच्यावर कागद ठेवून लिहिला. लिहून झाल्यावर सवयीने लिफाफा शोधला, वर तिचं नाव घालायला. आता हातात कागद आहेत. यात एखादं वाक्य खोटं असेल, एखादं नुसतं गोड म्हणून राहिलं असेल, एखादं मला स्वतःलाच कळलेलं नसेल. घरच्यांना वाचून दाखवला, ते म्हणाले, छान झालाय. चांगलाच आहे म्हणणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत. हा लेख मी कोणाचीही टिक न घेता पाठवते आहे.